बांधावरचे कांदेपोहे

दिवाळीचा फराळ मऊ पडायला लागला की आमच्या घरी पक्ष्यांचा मोसम सुरू होई. इतरांच्या घरी त्या दिवसांत तुळशीची लग्नं लागत आणि पाठोपाठ माणसांच्या लग्नाची बोलणी निघत. आमच्याकडे अण्णा, म्हणजे माझे वडील, ओटीवर बसून दुर्बिणीची भिंगं मलमलच्या फडक्याने पुसत आणि आभाळाकडे बघून जाहीर करत, "आले!" कोण आले ते विचारायची सोय नसे. अण्णा पेणच्या शाळेत भूगोल शिकवत. हिमालय ओलांडून जे कोणी पाखरू या बाजूला येई ते खास आपल्याला भेटायला येतं, अशी त्यांची समजूत होती. स्वयंपाकघरातून आई म्हणे, "त्यांना विचारून ठेवा, जेवायला थांबणार आहेत का ते." अण्णांना टोमणे ऐकू येत नसत. पन्नास पावलांवरची चिमणी मात्र ऐकू येई.

अण्णांचं एक मंडळ होतं. मंडळ म्हणजे अण्णा, समोर राहणारे वकीलकाका आणि आम्ही दोघी बहिणी, कारण थैल्या कोणीतरी उचलायला हव्यात. मंडळाला पाटी नव्हती, वर्गणी नव्हती, नियम तेवढा एक होता. कोणी पक्ष्याचं नाव घेतलं आणि ते चुकतंय असं वाटलं, तर तिथल्या तिथे "शंका!" म्हणायचं. समोरचा वयाने मोठा की लहान, बाप की वकील, बघायचं नाही. शंका आली असून गप्प बसणं हे अण्णांच्या मते खोटं बोलण्याहून वाईट. हा नियम त्यांनी बांधापुरता ठेवला असता तर आमचं सगळ्यांचं बरं चाललं असतं. पण एका शेजाऱ्यांच्या लग्नपत्रिकेवर हंस म्हणून छापलेलं बदक त्यांनी भर मांडवात, अक्षता हातात असताना उघडकीला आणलं. तेव्हापासून त्यांना लग्नाला न्यायचं झालं तर आई आधी पत्रिका स्वतः तपासत असे.

मंडळात सगळ्यात तिखट नजर माझ्या ताईची, वसुधाची. अण्णा दुर्बीण डोळ्याला लावून भिंगं फिरवत असायचे, तोवर ही नुसत्या डोळ्यांनी बघून "तुतवार" म्हणून मोकळी. दहातल्या नऊ शंका तिच्या असत, आणि त्या नऊ बरोबर निघत. "वसुधेच्या निकालावर अपील नाही," असं वकीलकाका म्हणत आणि आपलं चुकलेलं नाव निमूटपणे गिळत. मला पक्ष्यांत गती नव्हती. मला बगळा ओळखता येई, आणि बगळा नसेल तर ते दुसरं काहीतरी आहे एवढं नक्की सांगता येई. मी जात होते ती घावनांसाठी.

रविवारी पहाटे आधी बिडाच्या तव्याचा चर्र असा आवाज येई, मग पिठाचा आणि तेलाचा वास, आणि मग आईची बडबड. घावनं, ओल्या नारळाची चटणी, उरलेला चिवडा आणि शेवटच्या चार चकल्या, एवढं सगळं केळीच्या पानात नि फडक्यात बांधून ती अण्णांच्या हातात देई आणि विचारी, "तुमच्या त्या पक्ष्यांना कोण बांधून देतं हो डबा?" मग एसटीने गडब, तिथून भातकापणी झालेल्या शेतांतून, खुंट टोचून घेत, खाडीच्या बांधापर्यंत. एका अंगाला खारं पाणी, दुसऱ्या अंगाला शेतं आणि मध्ये हा मातीचा बांध. त्यावरून आम्ही एकामागे एक चालायचो. भात झोडल्याचा धप्प धप्प आवाज लांबून येत राहायचा. पाण्यात शेकाटे लाल काड्यांसारखे पाय टाकत हिंडायचे, तारेवर वेडे राघू बसलेले असायचे, आणि अण्णा हळू आवाजात ओरडायचे. हळू आवाजात ओरडणं ही कला मी फक्त त्यांच्यातच पाहिली.

आता त्या रस्त्याने जाते तेव्हा गडब कधी आलं आणि कधी गेलं ते कळत नाही. महामार्गाचं काम चालू आहे, ते माझ्या नातवंडांच्या लग्नापर्यंत पुरेल असा रंग दिसतो. बांधावर रविवारी मोटारी लागतात. मंडळी पाखराच्या दिशेने मोबाइल धरतात आणि मोबाइल नाव सांगतो. मोबाइलला कोणी "शंका!" म्हणत नाही. त्यामुळे खूप शांतता असते, हे खरं आहे.

ताई रोह्याला नोकरी करत होती. रसायनाच्या कंपनीत, प्रयोगशाळेत. पहाटेच्या एसटीने जायची, दिवे लागताना परत यायची आणि तिच्या ओढणीला जो वास यायचा त्यासाठी आईने दारामागे वेगळी खुंटी ठोकली होती. तिचा पांढरा कोट परसात वाळत घातलेला असे. येणारीजाणारी विचारे, "मुलगी डॉक्टर झाली वाटतं?" आई त्यावर फक्त हसायची. नाही म्हणायची नाही. पण घरात मात्र त्या नोकरीला ती 'तात्पुरतं' म्हणे. अण्णांचा नोकरीला पाठिंबा होता. त्याचं मोठं कारण कंपनीच्या मागून कुंडलिका वाहते हे होतं. ताई घरात पाऊल टाकते न टाकते तोच ते विचारत, "आज नदीवर काय?" दिवसभर तिने काय तपासलं, साहेब काय म्हणाले, हे त्यांनी कधी विचारलेलं मला आठवत नाही. पण रोह्याच्या पुलाजवळ किती पाणकावळे पंख पसरून बसले होते हे त्यांना तोंडपाठ असे. ताईला ती नोकरी जिवापाड आवडायची. नळीतलं पाणी रंग बदलतं ते सांगताना तिचा चेहरा जसा व्हायचा तसा तो पक्षी बघतानाही होत नसे. रात्री अंथरुणावर ती मला म्हणायची, "सुमे, मी लग्न करीन गं, पण हे सोडणार नाही." हे ती मला सांगायची, कारण आईला सांगून उपयोग नव्हता आणि अण्णांना सांगितलं तर ते नदीबद्दल विचारतील अशी भीती होती.

आणि मग मधुमामाने स्थळ आणलं. मधुमामा हा आईचा मामेभाऊ, पुण्यात राहायचा आणि नात्यातल्या मुलींना खपवणं हे ईश्वरी कार्य मानायचा. मुलगा बँकेत, घर स्वतःचं, एकुलता एक. शिवाय, मधुमामाने लिहिलं, मुलाला आणि त्याच्या वडिलांना पक्ष्यांचा फार नाद आहे. हे वाक्य त्याने घातलं नसतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. अण्णांनी ते दोनदा वाचलं. पाहुणे रविवारी येणार होते, आणि मोसमातला रविवार घरात घालवणं अण्णांच्या धर्मात बसत नव्हतं. त्यांनी उपाय काढला, "त्यांना सरळ बांधावरच घेऊन जाऊ. मुलगी बघतील, पक्षीही बघतील."

आई आधी हसली, कारण तिला ती थट्टा वाटली. मग तिने हातातलं उलथनं खाली ठेवलं. मुलगी दाखवायची ती बैठकीच्या खोलीत, सतरंजी अंथरून, पडद्याला इस्त्री करून. चिखलात उभी करून मुलगी दाखवल्याचं तिने सात पिढ्यांत ऐकलेलं नव्हतं. पण मधुमामाचा उलट निरोप आला की पाहुण्यांना कल्पना भलतीच पसंत पडली आहे, काहीतरी नवीन. मग आईचा इलाज चालेना. तिने एवढंच केलं, की आदल्या दिवशी सगळ्या मंडळाला ओटीवर बसवून दम भरला. "उद्या त्या लोकांनी कावळ्याला मोर म्हटलं तरी तो मोर. शंकाबिंका काही नाही. वकीलसाहेब, तुम्हालासुद्धा सांगते. आणि वसू, तुझ्या तोंडून उद्या एका पाखराचं नाव बाहेर पडता कामा नये. त्यांना ओळखू दे." ताई म्हणाली, "आणि नोकरीचं?" आई म्हणाली, "ते मागाहून. आधी पसंत तर पडू दे." अण्णा दुर्बीण पुसत होते. ते काहीच बोलले नाहीत, आणि आमच्या घरात अण्णांनी न बोलणं म्हणजे मान डोलावणं असा अर्थ धरला जाई.

पाहुणे भाड्याच्या मोटारीने गडबला उतरले. मुलगा, त्याचे वडील आणि आई. मुलाच्या गळ्यात कोरी दुर्बीण होती, तिच्यावरची दुकानाची चिठ्ठी काढायची राहून गेली होती. वडिलांना सगळे नानासाहेब म्हणत. त्यांच्या डोक्यावर शिकाऱ्याची असते तशी टोपी होती. मुलाच्या आईने मोरपंखी रेशमी साडी नेसली होती, आणि बांधावर दहा पावलं चालल्यावर तिची एक चप्पल चिखलाने ठेवून घेतली. ती बाहेर काढायचं काम वकीलकाकांकडे आलं. त्यांनी ते अतिशय आदबीने केलं. ताई निळी सुती साडी नेसून, खाली मान घालून, आईच्या मागे चालत होती. तिला तसं चालताना मी आधी कधी पाहिलं नव्हतं. वर काहीही उडालं की तिची मान आपसूक उचलली जायची आणि आई मागे हात करून तिचा पदर ओढायची.

तारेवर वेडा राघू बसला होता. हिरवागार, शेपटीत काडी असलेला, पोरासोरांनाही ठाऊक असलेला. मुलगा म्हणाला, "खंड्या!" वकीलकाकांनी घाईघाईने अख्खं घावन तोंडात कोंबलं. सगळ्यांनी अण्णांकडे पाहिलं. अण्णा घसा साफ करून म्हणाले, "हं. झाक आहे खरी निळसर." मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. हाच माणूस भर मांडवात बदकासाठी भांडला होता. थोडं पुढे गेल्यावर लव्हाळ्यातून एक मोठा तपकिरी पक्षी उठला आणि पंख वर धरून शेतांवरून सावकाश तरंगत गेला. आमच्या मंडळाच्या घरचाच तो, दर वर्षी येणारा दलदल ससाणा. नानासाहेबांनी टोपी मागे सारली आणि हात उंचावून गर्जना केली, "गरुड! बघून घ्या सगळे, गरुड आहे हा!" आणि अण्णा म्हणाले, "गरुडच."

ताईने मान वर केली. पक्ष्याकडे नाही, अण्णांकडे. आईने पदर ओढला, तरी ती मान खाली गेली नाही.

बांधाच्या टोकाला हिराबायचं घर होतं. नवरा मिठागरावर, ती घर आणि शेत बघायची आणि आमच्या मंडळाला वर्षानुवर्षं पाणी पाजायची. आम्हाला ती खुळी समजे आणि तसं तोंडावर सांगे. पाहुण्यांना पाहून ती अंगणात आली आणि मला म्हणाली, "काय गो, आज नवी पाखरा आनलीत? यांना दाना काय टाकाचा?" मी तिला हळूच सांगितलं काय प्रकार आहे तो. ती ताईकडे बघत राहिली. मग आत जाऊन तिने चूल मोकळी करून दिली, आणि आईने पिशवीतून कांदे, पोहे, शेंगदाणे काढले. रीतीतलं इतकं सगळं मोडल्यावर कांदेपोहे तरी व्हायलाच हवेत, हा आईचा हट्ट. पोह्यांचा वास उठला तशी ती जरा सावरल्यासारखी दिसली. ताईने बशा फिरवल्या. मुलाची आई पाय धुऊन घोंगडीवर बसली, दोन घास खाल्ले आणि म्हणाली, "आम्हाला मुलगी पसंत आहे."

आईच्या डोळ्यांत पाणी आलं. मी तिच्या शेजारी होते, मला ते दिसलं आणि तिच्यासाठी बरंही वाटलं. मुलाची आई पुढे बोलतच होती. "बाकी काही नाही, एकच सांगायचं. नोकरीचं कळलं आम्हाला. आमच्याकडे सुनांनी बाहेर जायची पद्धत नाही, आणि देवदयेने गरजही नाही. डिसेंबरअखेर राजीनामा दिला की झालं." नानासाहेब म्हणाले, "पुण्यात टेकडी आहे. रोज सकाळी गरुड बघायला नेऊ तिला." आणि ते हसले. मग सगळे अण्णांकडे बघू लागले, कारण होकार बापाने द्यायचा असतो. अण्णांच्या हातात बशी होती आणि ते पोह्यांतला शेंगदाणा एका कडेला सारत होते. ते "हरकत नाही" म्हणणार हे मला दिसत होतं. आईलाही दिसत होतं. ताईलाही.

ताई हिराबायच्या उंबऱ्यात उभी होती. ती म्हणाली, "अण्णा, मघाशी तो गरुड होता का हो?"

"वसू," आई म्हणाली.

"मी त्यांनाच विचारतेय, आई. अण्णा, गरुड होता का?"

अण्णांनी बशी खाली ठेवली. वकीलकाका छपराकडे बघू लागले. हिराबायची कोंबडी अंगणात सांडलेले पोहे टिपत होती. मग अण्णा अगदी बारीक आवाजात म्हणाले, "नाही. दलदल ससाणा. मादी."

"आणि तारेवरचा?"

"वेडा राघू."

"मग तुम्ही तेव्हा बोललात का नाही?" ती म्हणाली. "माझ्यासाठी गप्प बसलात ना? मला पसंत करावं म्हणून? मग आता माझ्यासाठी बोला की."

माझ्या वडिलांचं सगळं धैर्य आयुष्यभर पाखरांवर खर्च झालं होतं. मुख्याध्यापकांसमोर, सोसायटीच्या सभेत, मधुमामासमोर ते कधी ताठ बोलले नाहीत. सगळा ताठा राखून ठेवला तो बदकासाठी आणि ससाण्यासाठी. त्या अंगणात मला वाटलं, आता हा माणूस उठून लघवीला जाईल. पण ते उठले ते हात जोडायला. नानासाहेबांना म्हणाले, "माफ करा. मी तुमच्याशी दोनदा खोटं बोललो, तिसऱ्यांदा नको. हिला ती नोकरी जिवापाड आवडते. ती सोडणार नाही, आणि मी सोड म्हणणार नाही."

त्यांना हे माहीत होतं! ताईने मला अंथरुणात सांगितलेलं, आईला न सांगितलेलं, त्यांना ठाऊक होतं. नदीबद्दल विचारता विचारता हा माणूस बाकीचंही ऐकत होता, हे मला तिथे कळलं आणि मला रडू आलं. मी हिराबायकडे पाणी मागितलं.

नानासाहेबांनी टोपी घातली. "एका पाखरावरून स्थळ मोडताय?" ते म्हणाले. अण्णा म्हणाले, "पाखरापासून सुरुवात झाली, एवढं खरं." मुलाची आई चपला शोधू लागली. मुलगा तेवढा जाता जाता ताईपाशी थांबला. बिचारा वाईट नव्हता. त्याने विचारलं, "मादी कशावरून म्हणाले ते?" ताई म्हणाली, "डोकं पिवळट-पांढरं असतं. अंग सगळं तपकिरी." "अच्छा," तो म्हणाला आणि दुर्बिणीवरची चिठ्ठी नखाने खरवडत मोटारीकडे गेला. त्याने पुढे खरंच पक्षी बघायला सुरुवात केली असेल तर आमच्या बांधावरून तो रिकामा गेला नाही असं म्हणायचं. मोटार वळल्यावर हिराबाय ताईच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "जाव दे गो. खाऊन तं गेली ना? उपाशी धाडलं नाय, झालं."

परतीच्या एसटीत अण्णा खिडकीशी बसले होते आणि बाहेर बगळे दिसत होते, पण त्यांनी एकाचंही नाव घेतलं नाही. घरी आल्यावर आईने भांडी अशी आपटली की समोरच्या वकीलकाकांनी खिडकी लावून घेतली. मधुमामाला काय सांगायचं, नात्यात तोंड कसं दाखवायचं, हिच्यामागे सुमी आहे तिचं काय, असं सगळं ती भिंतीला विचारत राहिली. ताई परसात जाऊन वाळलेला पांढरा कोट काढून घडी घालत बसली, कारण सकाळी एसटी होती. त्या आठवड्यात आई तिच्याशी कामापुरतं बोलली. अण्णांशी तेवढंही नाही. ते पाणी स्वतः घेऊन पीत होते आणि पेला स्वतः धूत होते. हे त्यांच्या आयुष्यातलं पहिलं घरकाम.

मग एका संध्याकाळी ताईला यायला उशीर झाला. वडखळला गाड्या अडकल्या होत्या. आई दारात उभी होती. ताई आली, ओढणी खुंटीला लावली, आणि आईने ताट वाढता वाढता, मान वर न करता विचारलं, "आज काय केलंस तिथे?" ताईला आधी कळलंच नाही की प्रश्न तिला आहे. मग ती बोलू लागली. नळ्या, पाणी, कुठल्याशा पिंपातला माल नापास करून तिने परत पाठवला, साहेब चिडले, पण तपासणी हिचीच बरोबर निघाली. आईला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. तरी ती भाकरी हातात धरून ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "म्हणजे तू नाही म्हटलंस आणि त्यांना ऐकावं लागलं?" ताई म्हणाली, "हो." आईने भाकरी तिच्या ताटात टाकली, वर तूप वाढलं, आणि म्हणाली, "जेव."

ताईचं लग्न पुढे झालं, नागोठण्याच्या एका शिक्षकाशी, नोकरीसकट. ती त्याच प्रयोगशाळेतून निवृत्त झाली. अण्णा शेवटपर्यंत बांधावर जात राहिले आणि शेवटपर्यंत लग्नपत्रिका वाचत राहिले. माझ्या वेळी मी शाळेत शिकवू लागले होते, आणि पाहुणे रीतसर घरी आले. सतरंजी होती, पडद्यांना इस्त्री होती. मधुमामाने ओळखी करून द्यायला तोंड उघडलं. पण आई दारातच उभी होती, वाट अडवून. पाहुण्यांच्या पायांत अजून चपला होत्या. ती म्हणाली, "मुलगी नोकरी सोडणार नाही. चालत असेल तर या आत, पोहे गरम आहेत."